जैवविविधता मंडळाचे सदस्य निवडून आणायचे तर खर्च किती येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळावर सगळी शासनाने नेमलेली माणसं असतात. अमेरिकेत माती-पाणी संवर्धनाच्या मंडळांवर लोक मतदान करून सदस्य पाठवतात. आपल्याकडे तसं का नाही, असं विचारलं की खर्चाचं कारण पुढे करतात. तो खर्च नेमका किती? आमदारांना निवेदन द्यायचंय, त्यात टाकायला आकडा हवाय.’

मी महसूल खात्यात 32 वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त तहसीलच्या निवडणूक शाखेत. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत आणि मधल्या पदवीधर-शिक्षक मतदारसंघांपर्यंत सगळ्या निवडणुकांची पोती उचलली आहेत. ‘पोती’ हा शब्द शब्दशः घ्या, साहित्य खरंच पोत्यांतून जायचं. जैवविविधतेचा मी तज्ज्ञ नाही. निवडणुकीत पैसा कुठून गळतो, एवढं मात्र मला कळतं.

तुम्हाला हवा तो आकडा माझ्या हिशेबाने पाऊण कोटीच्या आतही बसतो आणि दोनशे कोटींवरही जातो. मी टोलवाटोलवी करत नाही. तुमच्या प्रश्नात एक जागा कोरी राहिली आहे: मतदार कोण? ती भरल्याशिवाय आकडा निघत नाही, आणि ती भरली की बाकीचा हिशेब पाठीमागच्या पानावर मावतो.

लोकांना वाटतं, जागा कमी तर खर्च कमी. मूळ 2002 च्या कायद्यात मंडळावर एक अध्यक्ष, जास्तीत जास्त पाच पदसिद्ध अधिकारी आणि जास्तीत जास्त पाच तज्ज्ञ अशी रचना आहे. अध्यक्षांची आणि अधिकाऱ्यांची निवडणूक कोणी मागत नाही. म्हणजे राहिल्या पाच जागा. पाच जागांना असा कितीसा खर्च येणार? पण खर्च जागांवर ठरत नाही, मतदान केंद्रांवर ठरतो. पाच जागा असोत की 288, केंद्र उघडलं की तिथे एक केंद्राध्यक्ष, तीन मतदान अधिकारी, शिपाई आणि पोलीस लागतात. त्यांची दोन-तीन प्रशिक्षणं, आदल्या दिवशीचं साहित्य वाटप, एसटी किंवा जीप, रात्रीचा मुक्काम, भत्ता, झोनल अधिकाऱ्याची गाडी, स्ट्राँगरूमचा पहारा. ऐन वेळी कोणी आजारी पडतो म्हणून राखीव पथकं वेगळी. आणि या सगळ्या माणसांचा पगार त्या दिवसांतही चालूच असतो. तो शिक्षणाच्या, कृषीच्या, बांधकामाच्या लेखाशीर्षाखाली पडतो, निवडणुकीच्या खर्चात दिसतसुद्धा नाही. शाळा तीन दिवस बंद राहिली त्याची किंमत तर कोणीच लावत नाही.

आता हिशेब करू. 2024 च्या विधानसभेला राज्यात साधारण 9 कोटी 70 लाख मतदार होते आणि केंद्रं एक लाखाच्या घरात. केंद्रामागे सगळं मिळून 20 हजार रुपये धरू. हा शासनाचा आकडा नाही, गुणाकार सोपा जावा म्हणून मी धरलाय. तुम्ही 15 धरा, 30 धरा, निष्कर्ष बदलत नाही. एक लाख केंद्रं गुणिले 20 हजार म्हणजे 200 कोटी. विधानसभेला 66 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, म्हणजे सुमारे 6 कोटी 40 लाख मतं. एका मताला 31 रुपये पडले. लोकशाहीचा एवढा भाव मला परवडतो.

पण हीच यंत्रणा फक्त जैवविविधता मंडळासाठी उभी केली आणि मतदान झालं एक टक्का, तर? साडेनऊ-पावणेदहा लाख मतं आणि तेच 200 कोटी. एका मताला दोन हजारांच्या वर. एक टक्का हा मी घाबरवायला घेतलेला आकडा नाही. तुम्ही अमेरिकेचं नाव काढलंत, तिथूनच घेतलाय.

तिकडच्या वॉशिंग्टन राज्यात 45 संवर्धन जिल्हे आहेत. 1930 च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनंतर तिथे राज्याराज्यांत असे माती संवर्धनाचे जिल्हे निघाले, त्यातलेच हे. प्रत्येकाला पाच जणांचं मंडळ. तिघे निवडून येतात, दोघांना राज्याचा संवर्धन आयोग नेमतो. म्हणजे निवडणूक जिल्ह्याच्या मंडळाची होते. राज्य आयोगाला राज्यभरचा मतदार मत देत नाही. निवेदनात हा फरक नीट लिहा, नाहीतर पहिल्याच वाचनाला कोणी तरी खोडून काढेल. बरं, ही निवडणूक नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मोठ्या मतपत्रिकेवर नसते. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जिल्हा आपली आपण घेतो, आपल्या गल्ल्यातून. सिएटल शहर ज्यात येतं त्या किंग काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिथला प्रशासकीय जिल्हा) संवर्धन जिल्ह्यात 12 लाख मतदार, आणि मतदान वर्षानुवर्षं एक टक्क्याच्या खाली. म्हणून 2020 मध्ये त्यांनी मोबाइलवरून मत देण्याची सोय केली. मोठ्या मतपत्रिकेवर जा, लोक येतील, असा आग्रह तिथे जुना आहे. त्यावरचं उत्तरही जुनं आहे: तिथे गेलं की काउंटी आपल्या निवडणूक खर्चातला वाटा जिल्ह्याकडून वसूल करते, आणि छोट्या जिल्ह्याचं झाडं लावायचं बजेट त्यातच जातं. शिवाय तिथल्या नियमात एक सोय आहे. मुदतीत विद्यमान सदस्याचा एकट्याचाच अर्ज आला, तर मतदान न घेता तोच पुन्हा निवडून आला असं धरता येतं. आपल्या भाषेत बिनविरोध.

बिनविरोध म्हटलं की आपल्याकडचे लोक खूश होतात, खर्च वाचला म्हणून. मी तेवढा खूश होत नाही. जानेवारी 2021 मध्ये उमराणे आणि खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, कारण गावाने पदांचा लिलाव केला होता. मतदान केंद्राचा खर्च शून्य आणि पदाची बोली लाखोंत. तिजोरीचा खर्च आणि निवडणुकीचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही खूणगाठ बांधून पुढे वाचा. पुढे कामाला येणार आहे.

माझ्या स्वतःच्या डोक्यात ‘मतामागे खर्च’ हा हिशेब घुसला तो एका पोटनिवडणुकीत. कोयनेच्या फुगवट्यापलीकडचं गाव, ग्रामपंचायतीची एकच जागा, प्रभागात 186 मतदार. आम्ही सहा जण लाँचने गेलो. शाळेत मुक्काम, अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी पिठलं-भात रांधून दिला. मतदान झालं 61. अर्धं गाव मुंबईला, त्यांना कोण बोलावणार एका जागेसाठी! संध्याकाळी वारा सुटला, लाँचवाला म्हणाला, ‘साहेब, आता पाण्यात घालत नाही, सकाळी बघू.’ पेटी उशाशी घेऊन दुसरी रात्र काढली. तहसीलमध्ये मोजणीला सात मिनिटं लागली. मी डायरीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला, तर एका मताला साडेचारशे रुपये पडले होते आणि त्यातला मोठा वाटा डिझेलचा होता. ती निवडणूक घ्यायला नको होती असं माझं म्हणणं नाही. जागा रिकामी होती, कायदा होता, घेतली. पण मतदार जितका विखुरलेला आणि जितका बेफिकीर, तितकं मत महाग, हे तिथे पाण्याच्या काठी बसून कळलं.

मग दुसरा रस्ता: सगळ्यांना नको, ज्यांचा विषयाशी संबंध आहे त्यांनाच मतदार करा. हे आपल्याला नवीन नाही. विधान परिषदेच्या 78 जागांत पदवीधरांच्या 7, शिक्षकांच्या 7 आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या 22 आहेत. तिन्हींचा अनुभव वेगळा आहे. पदवीधरांचा खर्च यादीत जातो. ती यादी दर निवडणुकीला कोऱ्या पानापासून करावी लागते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही, आणि हे लोकांना मतदानाच्या दिवशीच कळतं. डिग्रीची साक्षांकित प्रत घेऊन नमुना 18 भरून घेण्यात आमचे दोन महिने जायचे. वर पसंतीक्रमाचं मतदान. आम्ही दिलेल्या जांभळ्या स्केच पेननेच आकडा लिहायचा, स्वतःच्या खिशातलं पेन काढलं की मत बाद. डॉक्टर, वकील, प्राध्यापक या सगळ्यांची मतं बाद होताना पाहिली आहेत मी. मोजणी तर दुसऱ्या दिवसावर जाते.

जैवविविधतेत असा तयार मतदार म्हणजे जैवविविधता व्यवस्थापन समिती. मूळ कायद्यात प्रत्येक ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांनी ती करायची होती. 2004 च्या नियमांत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला, अशी रचना होती; हिशेबाला मी तीच धरतो. राज्यात अशा समित्या 28 हजारांच्या आसपास. फक्त अध्यक्षांना मताचा हक्क दिला तर 28 हजार मतदार. 358 तालुके, तालुक्याला एक केंद्र, तहसील कार्यालयातच. 358 गुणिले 20 हजार म्हणजे 71 लाख 60 हजार. कुठे 200 कोटी आणि कुठे हे!

पण आता मघाची गाठ सोडा. तालुक्याला 78 मतदार आले. 78 माणसं म्हणजे दोन बस. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघात काय चालतं ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मतदानाच्या आधी आठ दिवस नगरसेवक ‘सहली’ला जातात आणि थेट मतदानाच्या सकाळी उगवतात. तिजोरीला स्वस्त पडलेली निवडणूक उमेदवाराला महाग पडते, आणि उमेदवार तो पैसा कुठून तरी वसूल करतोच. जैवविविधता मंडळाच्या हातात काय असतं? कंपन्यांना औषधी वनस्पती, डिंक, बिया यांचा व्यापारी वापर करायचा तर त्याचं नियमन आणि लाभातला वाटा. तिथे वसुली करायला निघालेला सदस्य तुम्हाला हवाय का?

म्हणून मी म्हणेन, अध्यक्षांवर थांबू नका, सगळ्या सदस्यांना मताचा हक्क द्या. सात गुणिले 28 हजार म्हणजे दोन लाखांच्या जवळ मतदार. तालुक्याला सरासरी साडेपाचशे. एवढी माणसं एका केंद्रावर दुपारी तीनपर्यंत आरामात आटोपतात. म्हणजे केंद्रं तीच 358, खर्च तेच 71-72 लाख, पण मतदार सातपट. साडेपाचशे लोकांची सहल काढणं कोणाच्या बापाला परवडत नाही. आणि सगळे आले तर मतामागे 36 रुपये, विधानसभेच्या जवळपास तोच भाव. डोंगराळ आणि बेटांच्या तालुक्यांत एखादं केंद्र जास्त लागेल, अक्कलकुवा-धडगावला नक्कीच, ते वाढवून घ्या. माझ्या मते तुमच्या निवेदनात टाकण्याजोगा आकडा हाच.

आता तिसऱ्या रस्त्याचं बोलतो, कारण तो कोणीतरी सुचवणारच: जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचं मतदान एकाच दिवशी होतं, तिथे तिसरं बटण का नको? केंद्र तयार, माणसं तयार. बरोबर आहे, वरकड खर्च बराच वाचतो. पण पाच जागांसाठी राज्यभर एकच मतपत्रिका केली तर प्रत्येक केंद्रावर वेगळं बॅलट युनिट, म्हणजे बटणांचं यंत्र, लागणार. एका युनिटची किंमत आठ हजारांच्या घरात. लाखभर घेतली तर 80 कोटी. मशीन 15 वर्षं चालतं असं धरतात, म्हणजे तीन निवडणुकांत विभागा. शहरांची निवडणूक वेगळ्या दिवशी, म्हणजे मुंबई-पुण्याचा मतदार निराळा धरायचा. आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात 2022 पासून स्थानिक निवडणुका वर्षानुवर्षं लटकल्या, तशा लटकल्या की तुमचं मंडळही त्यांच्या मागे लटकणार. त्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. तिसऱ्या यंत्रावरची नावं कोणाला माहीत असणार? लोक चिन्ह बघून पहिल्या दोन यंत्रांवर दाबलं तेच दाबतील. मग नेमणूक मंत्रालयात झाली काय आणि पक्षाच्या कार्यालयात झाली काय.

एक खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि संवर्धनाच्या बाबतीत मला तोच सर्वात मोठा वाटतो: आचारसंहितेचा. 2024 ला लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि 6 जूनला उठली. पाऊस कधी येतो ते तुम्हाला सांगायला नको. सलग समतल चर, नाला बांध, वृक्षलागवडीचे खड्डे ही सगळी कामं फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांतली. चालू कामं चालतात, पण नवीन कामाचा कार्यारंभ आदेश काढता येत नाही. एका गावच्या टेकडीवरच्या चरांचं अंदाजपत्रक मंजूर होऊन माझ्या शेजारच्या टेबलावर पडून होतं. निधी होता, मजूर होते, फक्त सही राहिली होती. आचारसंहिता उठली त्या आठवड्यात पहिला वळवाचा पाऊस झाला. मातीने गढूळ झालेलं पाणी खालच्या शेतांतून ओढ्याला गेलं आणि आदेश पुढच्या वर्षावर गेला. त्या वाहून गेलेल्या मातीची नोंद निवडणूक खर्चात कोण करणार? मंडळाच्या निवडणुकीला आचारसंहिता लावायची की नाही, किती दिवस, कोणत्या कामांना, हे नियम करणाऱ्यावर अवलंबून राहील. तुम्ही निवेदनात एवढं मागा, की मतदान ऑगस्ट-सप्टेंबरात घ्या. पावसात केंद्रावर जायला त्रास होतो, मान्य आहे. पण मतदार तालुक्याच्या ठिकाणी येणार आहे, एसटी चालू असते.

खर्च भरणार कोण, हेही आधी लिहून घ्या. लोकसभेचा खर्च केंद्राचा, विधानसभेचा राज्याचा, दोन्ही एकत्र आल्या तर निम्मानिम्मा. सहकारी संस्थांना आपल्या निवडणुकीचे पैसे स्वतः भरावे लागतात. मंडळावर सहकारी संस्थेचा नियम लावला तर वॉशिंग्टनची गत होईल: संवर्धनासाठी आलेला पैसा संवर्धन करणारे निवडण्यात जाईल. राज्याच्या सर्वसाधारण निवडणूक खर्चातून द्यायला लावा.

आणि छाननी. आता त्या पाच जागा तज्ज्ञांच्या आहेत. निवडणुकीत तज्ज्ञ कोण हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवणार, म्हणजे माझ्यासारखा नायब तहसीलदार. वनस्पतिशास्त्राची पदवी म्हणजे तज्ज्ञ, की चाळीस वर्षं बियाणं जपणारी बाई तज्ज्ञ? अर्ज बाद केला की हरकत, मग न्यायालय. फ्लोरिडाने 2022 मध्ये त्यांच्या माती-पाणी मंडळांच्या उमेदवाराला शेतीशी संबंध असण्याची अट घातली. अशी अट कागदावर सरळ दिसते, पण छाननीच्या टेबलावर ती वकिलांचं पोट भरते. पाचपैकी दोनच जागा समित्यांच्या प्रतिनिधींना द्या, त्यांना तज्ज्ञतेची अट नको, आणि उरलेल्या तीन तज्ज्ञांच्या नेमणुकीच्याच राहू द्या, असं माझं मत आहे. सगळं मंडळ निवडून आणायच्या मी विरोधात आहे. बेडकाच्या नव्या जातीवर मत देणारा माणूस मतं मागत फिरलेला नसावा.

आता आमदारांचं. जैवविविधता कायदा केंद्राचा आहे. मंडळाची रचना त्याच्या कलम 22 मध्ये आहे, आणि नेमणुका राज्य शासनाने करायच्या असं तिथेच लिहिलंय. थेट निवडणूक हवी तर संसदेत दुरुस्ती लागेल, म्हणून निवेदनाची एक प्रत खासदारांना द्या. आमदारांकडे मागायचं ते वेगळं आहे. नेमणुका करताना दोन जागा समित्यांनी मतदानाने सुचवलेल्या नावांतून भराव्यात, असा शासन निर्णय. तज्ज्ञतेची अट काढायला मात्र कायदाच बदलावा लागेल, तोवर सुचवलेली नावं तज्ज्ञांचीच हवीत. बाकी एवढं कायद्यात हात न घालता होऊ शकतं, आणि वरचे 72 लाखही त्यालाच लागू होतात.

शेवटी यादी. 2019 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सांगितलं, 31 जानेवारी 2020 पर्यंत सगळीकडे समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या (गावच्या जैवविविधतेच्या नोंदी) करा, नाहीतर महिन्याला दहा लाख भरा. मग काय, धडाधड समित्या झाल्या. त्यातल्या कितींच्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हे माहीत आहे? दोन लाखांची मतदारयादी करायची तर आधी 28 हजार ठिकाणी जाऊन माणूस जिवंत आहे का, गावात आहे का, सही त्याचीच आहे का हे बघावं लागेल. हे काम ग्रामसेवकाच्या माथी जाईल आणि त्याचा खर्चही कुठे दिसणार नाही. निवेदन लिहायला बसण्याआधी तुमच्या ग्रामपंचायतीत जा, समितीचं इतिवृत्त मागा आणि शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली ते बघा. सात नावांपैकी चार जणांना फोन करा. दोघांनी जरी ‘कसली समिती?’ असं विचारलं, तर निवेदनातली पहिली मागणी निवडणुकीची नको, यादी दुरुस्त करायची ठेवा.